फिरायला जाणं पुरेसं नाही : ज्येष्ठांची ताकद, तोल आणि सोबत

ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. तिकीट माफ झालं, पण गाडीची पहिली पायरी होती तेवढीच उंच राहिली. कुठल्याही स्टँडवर थोडा वेळ उभं राहून बघा. दोन्ही हातांनी दांडा धरायचा, एक पाय वर टाकायचा आणि मग त्या एका पायाच्या जोरावर अख्खं शरीर वर ओढून घ्यायचं. ज्यांना हे जमतं ते लेकीकडे जातात, जेजुरीला जातात, तालुक्याच्या बँकेत जाऊन स्वतःची पेन्शन स्वतः काढतात. ज्यांना जमत नाही त्यांची सवलत कार्डावरच राहते.

त्या पायरीसाठी लागते मांडीतली ताकद आणि एका पायावर क्षणभर टिकणारा तोल. दमसासाचा तिथे फारसा संबंध नाही. आपण मात्र ज्येष्ठांना व्यायामाचा सल्ला देतो तो एकच: ‘रोज फिरायला जात जा.’ सल्ला चांगलाच आहे. फिरण्याने हृदय, फुप्फुसं, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांना फायदा होतो. पण सपाट रस्त्यावर रमतगमत चालून मांडीची ताकद फारशी वाढत नाही, आणि अडखळल्यावर सावरायचं कसं हे शरीर त्यातून शिकत नाही. म्हणून रोज नेमाने फिरणारे आजोबाही कधी कधी जमिनीवरून उठताना कुणाचा तरी हात शोधतात.

स्नायूंचं काय होतं?

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहूनही लवकर उतरते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा बऱ्याचदा चरबी घेते. माणूस तेवढाच जाड दिसतो, पण आतून दुबळा होत असतो. डॉक्टर या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात.

यातही एक बारकावा आहे. स्नायूंमध्ये काही तंतू सावकाश, पण बराच वेळ काम करणारे असतात आणि काही झटकन जोर लावणारे. वयाबरोबर आधी झिजतात ते झटकन काम करणारे. उंबऱ्याला पाय अडखळला की दुसरा पाय चटकन पुढे टाकायचं काम याच तंतूंचं. ते मंदावले की पाय पुढे पडतो, पण वेळेवर पडत नाही.

झीज फक्त वयाने होते असंही नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांना कुठलाही आजार नव्हता, फक्त उठायची मनाई होती. एवढ्या दिवसांत त्यांच्या पायांतलं स्नायूंसह चरबीविरहित वजन जवळजवळ एक किलोने घटलं. आता आपल्या घरांत काय होतं ते आठवा. आजींना आठवडाभर ताप येतो. ताप उतरतो, पण घरातले म्हणतात, ‘तुम्ही बसा, आम्ही बघतो.’ चहा हातात येतो, औषध हातात येतं, देवपूजेसाठी पाटाऐवजी खुर्ची येते. यात माया असते, आदर असतो, आणि म्हणूनच ते मोडून काढणं अवघड जातं. मला स्पष्ट वाटतं की आपल्याकडे ज्येष्ठांची हालचाल कमी होण्यामागे आळस हे छोटं कारण आहे आणि आपली काळजी घेण्याची पद्धत हे मोठं.

दिलासा देणारी बाजू अशी की स्नायूंना वय विचारता येत नाही. १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्ध-निवासातल्या १० जणांवर झालेला प्रयोग आजही सांगितला जातो. त्यांची वयं ८६ ते ९६. बरेच जण अशक्त, अनेक आजार असलेले. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीचे वजनाचे व्यायाम करून घेतले, तेही हलकेफुलके नव्हे, तर चांगला जोर लावायला लावणारे. नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग छोटा होता, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही तेच दाखवलं: नव्वदीतला स्नायूही काम दिलं की प्रतिसाद देतो. ‘आता या वयात काय व्हायचंय’ या वाक्याला शास्त्राचा आधार नाही.

किती आणि कोणता व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वं दिली. पासष्टीच्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम, आणि आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा मिश्र व्यायाम. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. चालता चालता बोलता येतंय, पण अभंग म्हणता येत नाहीये, इतपत धाप लागली की ते मध्यम. याच तत्त्वांमध्ये आणखी एक गोष्ट ठळकपणे म्हटली आहे: काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलंही चांगलं. १५० मिनिटांचा आकडा ऐकून घाबरून घरी बसू नये.

दहा हजार पावलांचंही तसंच. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला. तेव्हा नातवाने घड्याळ घालून दिलं असेल तर त्यातल्या दहा हजारांच्या आकड्याने हिरमुसून जाऊ नका.

आता ताकदीचा सगळ्यात उपयोगी व्यायाम. तो म्हणजे खुर्चीतून उठणं.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी घ्या. प्लास्टिकची नको, ती सरकते आणि तिचे पाय फाकतात. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. पायात मोजे नकोत. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा, पावलं खांद्याइतकी अंतरावर ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. हात छातीवर आडवे. आता कमरेतून पुढे झुका, नाक पावलांच्या बोटांवर येईल इतकं. श्वास सोडत उभे राहा. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. खरी मेहनत पुढे आहे. बसताना अंग धपकन टाकायचं नाही, मनात एक ते चार मोजत सावकाश खाली यायचं. उतरताना मांडीला जो ताण जाणवतो तोच बळ वाढवतो. असं पाच वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा पाच वेळा. हात न लावता उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा, किंवा सुरुवातीला हात टेकून उठा. आणि दहा वेळा सहज जमायला लागलं की तिथेच थांबू नका. उशी काढा, मग किलोभर तांदळाची पिशवी छातीशी धरा. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सगळंच सोपं वाटत असेल तर ताकद वाढत नाही. श्वास कोंडून जोर लावू नका, रक्तदाब चढतो.

याच हालचालीतून ताकद मोजताही येते. हात छातीवर ठेवून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी वेळा जमत असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात. परदेशी आकडे आपल्याला तंतोतंत लागू पडतीलच असं नाही, पण स्वतःचाच आकडा तीन महिन्यांनी पुन्हा मोजला तर फरक लगेच कळतो. काठावरच्यांना हा आकडा वाढलेला बघून जो हुरूप येतो, तो कुठल्याही व्याख्यानाने येत नाही.

तोलासाठी स्वयंपाकाचा ओटा उत्तम. दोन्ही हात ओट्यावर ठेवून टाचा उचला, चवड्यांवर थोडा वेळ थांबा, सावकाश खाली या. मग एक पाय जमिनीपासून जरासा उचलून दहा अंक मोजा, पाय बदला. जमू लागलं की दोन हातांऐवजी एक हात, मग नुसती दोन बोटं. हात ओट्यापासून दूर मात्र नेऊ नका.

पावली, फुगडी आणि जिनिव्हा

तोलाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे आपल्याकडे मोठा ठेवा पडून आहे.

पडणं हा म्हातारपणातला मोठा घात असतो. खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया, अंथरूण, अंथरुणामुळे आणखी स्नायू कमी आणि पुढे परावलंबन. तोल आणि ताकद यांच्या व्यायामाने हे टळू शकतं, याचा पुरावा भक्कम आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात घरच्या घरी करायचा एक कार्यक्रम तयार झाला: पायांची ताकद, तोल आणि थोडं चालणं. तो करणाऱ्यांचं पडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. २०१९ मध्ये जगभरच्या शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं.

यातला मला सर्वांत आवडलेला अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. पासष्टीपुढच्या १३४ जणांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा तासभर पियानोच्या लयीवर पावलं टाकायला शिकवलं. लय बदलली की चाल बदलायची, दिशा बदलायची, कधी हातात काहीतरी धरायचं. सहा महिन्यांत त्यांचं पडणं वर्गात न आलेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झालं.

हे वाचल्यावर भजनातली पावली डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाही. टाळाच्या ठेक्यावर एक पाय पुढे, एक मागे, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर, मध्येच गिरकी, तोंडाने अभंग आणि हाताने टाळ. पाय, कान, हात आणि लक्ष एकाच वेळी कामाला लागतात. पावलीची अशी चाचणी झालेली माझ्या वाचनात नाही, पण शरीराकडून मागितलेलं काम जवळपास तेच आहे. मंगळागौरीच्या खेळांतलंही तसंच. फुगडीची गिरकी सत्तरीत नको, पण झिम्म्याची पावलं संथ लयीत, हात धरून, नक्की करता येतात. गावोगावी भजनी मंडळं आहेत, ज्येष्ठ त्यात आधीच आहेत, ठरलेला वार आहे. बसून भजन म्हणणाऱ्या मंडळाने पंधरा मिनिटं उभं राहून पावली धरली, कडेला आधाराला खुर्च्या ठेवल्या, तर वेगळं केंद्र काढायची गरजच उरत नाही. शिवाय ‘व्यायाम’ म्हटल्यावर संकोचणाऱ्या आजी पावलीला संकोचत नाहीत.

‘पण माझे गुडघे…’

गुडघेदुखी हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण. दुखणं खरं असतं, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा असतो. गुडघ्याची झीज झाली की माणूस चालणं सोडतो, मांडीचा स्नायू बारीक होतो, सांध्यावरचा भार झेलणारा आधारच जातो आणि गुडघा आणखी दुखतो. म्हणून झिजेच्या संधिवातात मांडी मजबूत करणं हा उपचाराचाच भाग आहे. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालतं. सूज आली, दुखणं चढत गेलं तर कमी करून फिजिओथेरपिस्टला दाखवावं.

छातीत दुखणं, चालताना चक्कर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, ताब्यात नसलेला रक्तदाब: यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. साखर झपाट्याने उतरवणारी औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. मधुमेहींसाठी एक साधा उपाय: प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. जेवणानंतर चढणारी साखर स्नायू ओढून घेतात.

शेतमजुरी करणाऱ्या साठीतल्या मावशींना ‘व्यायाम करा’ म्हणणं मात्र जपून. दिवसभर खुरपणाऱ्या बाईची हालचाल मोजली तर शहरातल्या जिममध्ये जाणाऱ्यापेक्षा जास्त भरेल. त्यांना गरज असते विश्रांतीची, पुरेशा जेवणाची, तासन्‌तास वाकलेल्या पाठीला उलट दिशेने ताण देण्याची. सगळ्यांना एकच पत्रक वाटणाऱ्या आरोग्य मोहिमा इथेच माणसं गमावतात.

एकट्याने का टिकत नाही?

जपानच्या शिकोकू बेटावर कोची नावाचं शहर आहे (केरळातलं नव्हे). तिथल्या महापालिकेने २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी एक व्यायाम तयार केला. नावाचा अर्थ साधारण ‘शंभरीतही टवटवीत’. खुर्चीत बसून, मनगटाला आणि घोट्याला वजनाचे पट्टे बांधून हातपाय सावकाश उचलायचे. पट्ट्यात छोट्या कांड्या असतात, त्या घालून-काढून वजन शून्यापासून २.२ किलोपर्यंत बदलता येतं. त्यामुळे काठी टेकत आलेल्या आजी आणि ताठ चालणारे आजोबा एकाच ओळीत बसून, आपापल्या वजनाने, तोच व्यायाम करू शकतात.

मला यातली हुशारी व्यायामात कमी आणि मांडणीत जास्त दिसते. महापालिका वर्ग चालवत नाही. वस्तीतल्या लोकांनी स्वतः जमायचं, जागा स्वतः बघायची, आठवड्यातून एक-दोनदा, निदान काही महिने करू असं कबूल करायचं. मग महापालिका पट्टे उसने देते, व्हिडिओ देते, सुरुवातीला माणूस पाठवून शिकवते. जागा चालत जाता येईल इतक्या जवळ. हा प्रकार पुढे जपानभर पसरला.

जमण्याने खरंच फरक पडतो का? जपानच्याच आयची भागात अकरा हजारांहून जास्त ज्येष्ठांवर चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, एकट्याने व्यायाम करणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचं प्रमाण व्यायाम-मंडळात जाणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. मुळात मिळूनमिसळून राहणारी माणसंच मंडळात जातात, हा भाग त्यात असणार. पण आपला अनुभवही हेच सांगतो. वारीत आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणारे सत्तरीतले वारकरी एरवी एकट्याने इतकं चालले नसते. दिंडीत जागा ठरलेली असते, मागचा-पुढचा ओळखीचा असतो आणि मुक्कामावर कोण पोचलं नाही हे विचारणारं कुणीतरी असतं.

आपल्याकडे हा सांगाडा तयार आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांचा राज्यभराचा फेस्कॉम हा महासंघ आहे, विरंगुळा केंद्रं आहेत, १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेले हास्यक्लब शहराशहरांत पोचले आहेत. पण बऱ्याच संघांच्या कार्यक्रमपत्रिकेत व्याख्यानं, वाढदिवस आणि सहली असतात; माणसं दोन तास खुर्चीत बसून घरी जातात. खुर्च्या तर मांडलेल्याच आहेत. सभेआधी वीस मिनिटं त्याच खुर्च्यांवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम, टाचा उचलणं, थोडी पावली, एवढं केलं तरी पुरे. वजनाच्या पट्ट्यांऐवजी पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या चालतात.

गट टिकवायचा तर दोन कामं कुणाच्या तरी नावावर हवीत. पहिलं, न आलेल्याला त्याच दिवशी फोन करणं. व्हॉट्सॲपवर निरोप नव्हे, फोन. ज्येष्ठांच्या गटातली गैरहजेरी बहुतेक वेळा कंटाळ्याची नसते. ताप असतो, पडणं असतं, घरातला काही प्रसंग असतो. दुसरं, आजारपणानंतर परत येणाऱ्याला पुन्हा पाच वेळांपासून सुरू करू देणं. ‘काका, मागे पडलात’ असं चेष्टेतही कुणी म्हणू नये. तो माणूस पुन्हा येत नाही.

स्त्रियांसाठी वेळ वेगळी ठेवावी लागते. सकाळी सहाला आजोबा बागेत असतात तेव्हा आजी डबे, नातवंडं, दूध यांत असतात. दुपारी तीन-चारची वेळ, देवळाचा सभामंडप किंवा सोसायटीचा हॉल, साडीत करता येतील असे व्यायाम. पुरुषांसाठी ठरवलेल्या वेळेत बायका येत नाहीत म्हणून त्यांना आवड नाही असं ठरवू नये.

आणि रस्ते. फुटपाथवर दुचाकी, उखडलेले पेव्हर ब्लॉक, भटकी कुत्री, वाटेत बसायला बाक नाही, स्वच्छतागृह नाही. शेवटची गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही, पण अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, त्याच एका कारणाने घराबाहेर कमी पडतात, पाणी कमी पितात. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या ८४ टक्के पुरुषांचा आणि ९४ टक्के स्त्रियांचा चालण्याचा वेग तिथल्या सिग्नलसाठी धरलेल्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला १.२ मीटरपेक्षा, कमी भरला. आपल्या चौकांत हा हिशेब कुणी मांडला तर काय दिसेल याची कल्पना करता येते. ज्येष्ठ नागरिक संघांनी प्रभाग कार्यालयाकडे किंवा ग्रामसभेत मागायच्या गोष्टी यातूनच निघतात: देऊळ, दवाखाना आणि बाजार यांच्या वाटेवर ठरावीक अंतराने हात टेकायला दांडा असलेले बाक, एक स्वच्छ आणि कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह, आणि मोठ्या चौकातल्या सिग्नलला आणखी काही सेकंद.